नगराच्या सोबतिणी (भाग ६) : मुलानं नाव कुणाचं लावायचं?

मागच्या भागात अथेन्सच्या मैफली पाहिल्या. बासरी, मद्य, काव्य, आणि पुरुषांशी बरोबरीनं वाद घालणाऱ्या हेतायरा, म्हणजे सोबतिणी. नागरिकांच्या लग्नाच्या बायकांना त्या दालनात प्रवेश नव्हता. या भागात मैफल उठल्यानंतरचं पाहू. या बायकांना मुलं होत. त्यांचं पुढं काय होई?

इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सनं कायदा केला : आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. कायदा मांडला नगराचा नेता पेरिक्लीस यानं. पुढं त्याचंच बिऱ्हाड जमलं ते मिलेटसहून आलेल्या अस्पाशियाशी. त्यांच्या मुलाला त्या कायद्यानं नागरिकत्व नाकारलं. साथीत पेरिक्लीसचे औरस मुलगे दगावले, तेव्हा या नेत्याला नगरापुढं हात पसरावे लागले आणि अपवाद म्हणून या मुलाला, धाकट्या पेरिक्लीसला, नागरिक करून घेतलं गेलं. तो सेनापती झाला. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची लढाई जिंकून परतल्यावर, बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून नगरानं ज्या सेनापतींना देहान्त शासन दिलं, त्यांत तोही होता.

शिरूर तालुक्यातल्या वाचकाला हे वाचताना पाबळ आठवेल. बाजीरावानं मस्तानीला पाबळ इनाम दिलं. १७४० मध्ये बाजीरावापाठोपाठ ती गेली आणि तिथंच तिला मूठमाती मिळाली. तिला छत्रसालाची मुलगी म्हणणारे आहेत, कलावंतीण म्हणणारेही आहेत. अस्पाशियावरही गणिकेचा शिक्का मारला तो मुख्यतः विनोदी नाटककारांनी, पेरिक्लीसच्या विरोधकांना खूश करणाऱ्या लेखणीनं. अशा शिक्क्यांवर मी भरवसा ठेवत नाही. मस्तानीच्या मुलाची मुंज करायला पुण्याच्या ब्रह्मवृंदानं नकार दिला, असं परंपरा सांगते. हा मुलगा, समशेर बहादूर, मुसलमान म्हणूनच वाढला, पेशव्यांसाठी लढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन वारला. लढायला चालला, पंक्तीला नाही.

ही झाली थोरामोठ्यांची घरं. सामान्य बाईचं काय होई, ते नीएराच्या खटल्यात दिसतं. कोरिंथच्या निकारेतेनं लहानपणीच विकत घेतलेल्या सात मुलींपैकी ती एक. निकारेते त्यांना स्वतःच्या मुली म्हणवी, कारण ‘घरच्या’ मुलीचा दर जास्त येई. पुढं दोन गिऱ्हाइकांनी मिळून तीस मिना (ग्रीक चलनाचं एकक) देऊन तिला विकत घेतलं. स्वतःची लग्नं ठरल्यावर, वीस मिना भर आणि सुट, असं ते दोघं म्हणाले. तिनं जुन्या आश्रयदात्यांकडून पैसे गोळा केले आणि ती सुटली. त्यानंतर कित्येक वर्षं स्तेफानोस नावाच्या अथेनियनाच्या घरी तिनं संसार केला. इ.स.पू. ३४० च्या आसपास स्तेफानोसच्या वैऱ्यांनी तिला न्यायालयात खेचलं. आरोप असा की परदेशी असून ती नागरिकाची बायको म्हणून राहते, आणि तिच्या मुलीला, फानोला, खोटेपणानं नागरिकाच्या घरी दिलं. गुन्हा सिद्ध झाला तर तिची पुन्हा गुलाम म्हणून विक्री. फिर्यादीच्या बाजूनं बोललेल्या अपोलोदोरोसचं लांबलचक भाषण आज जसंच्या तसं वाचायला मिळतं. नीएराचा मात्र एक शब्दही उरलेला नाही.

आपल्याकडं तो शब्द उरला आहे, आणि म्हणून चौफुल्याच्या लावणी कलाकेंद्रांविषयी लिहायचं. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे खाली उतरलं की पुणे–सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात, ही कलाकेंद्रं लागतात. माणसं त्यांना ‘थिएटर’च म्हणतात. थिएटरात अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात. पार्टीला नाव मालकिणीचं. संध्याकाळी एकेका पार्टीची बारी लागते, मागं पेटी, तबला, ढोलकी. पसंतीच्या लावणीवर दौलतजादा होतो, कुणी खासगी बैठक सांगतं. बसून अदाकारी करणं, एकाच ओळीचे दहा अर्थ भुवईनं दाखवणं ही वर्षांच्या मेहनतीची विद्या आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. या बायकांना हेतायरा म्हणणं मला मान्य नाही. पण मुलांच्या नावाचा पेच दोन्हीकडं सारखा. इथली जुनी रीत अशी : जिनं घुंगरू बांधले तिनं लग्न करायचं नाही. एखादा मालक असेल, तो खर्च उचलेल, मुलं होतील, पण त्याचं नाव मुलांना मिळणार नाही. घर तिच्या कमाईवर चालतं, भावांची लग्नं होतात, आणि भावजय नाचत नाही.

या रीतीतून वाढलेल्या किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं. लावणी कलावंताचा हा मुलगा डॉक्टर झाला आणि वडिलांच्या जागी आईचं नाव उघडपणे लावून उभा राहिला. फानोला जे कधी बोलता आलं नाही, ते या पुस्तकात आहे. मराठी घरांत ते आवडीनं वाचलं गेलं. पण शाळेच्या प्रवेशअर्जापुढं बसलेली आई आजही अवघडतेच.

महाराष्ट्रानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं केलं. क्रम असा : मुलाचं नाव, आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं होतं की अविवाहित आईनं जन्मदाखल्यासाठी अर्ज केला, तर प्रतिज्ञापत्र पुरेसं. बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. दौंड–शिरूरच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि मुख्याध्यापकांनी हा निकाल टेबलावर ठेवावा, आणि समोरच्या बाईला ‘वडिलांचं नाव?’ असं दुसऱ्यांदा विचारू नये.