खडकाळ माळावरचा ‘कंदील’: खरपुडी ओळखायची कशी?

पावसाळ्यात गड-किल्ल्यांचे फोटो येऊ लागले की एका फुलाबद्दल हमखास विचारणा होते. खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर छोटासा पिंजरा. हे कोणतं फूल? बहुतेकदा ती खरपुडी असते, म्हणजेच कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया.

खरपुडी बहुवर्षायू आहे. पावसानंतर वेल वाळतो, पण खडकांच्या फटीतल्या मातीत तिचा कंद जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो.

कंद न उकरता ओळखा

फूल: पाच पाकळ्यांची टोकं वर जुळलेली असतात आणि त्यांच्यामध्ये खिडक्या दिसतात.

पानं: समोरासमोर, जोडीनं. कोरड्या, मुरमाड जागी सापडणाऱ्या सेरोपेजिया बल्बोसाची पानं जाडसर असतात. ती कधी गोल, तर कधी अगदी अरुंद असतात. म्हणून केवळ पानाच्या आकारावर विसंबू नका.

शेंगा: बारीक आणि जोडीनं येणाऱ्या. बियांना रुईसारखा रेशमी झुबका असतो, कारण दोन्ही एकाच कुळातल्या.

गल्लत कुठे होते?

किडामारीचं फूलही नळीसारखं असतं. पण त्याला पिंजरा नसतो, वर जिभेसारखी एकच पाकळी असते. शिवाय तिची पानं एकाआड एक येतात.

हा कंदील कशासाठी?

वासाने आलेली बारीक माशी नळीत शिरते. आतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला लगेच परतता येत नाही. केस सुकले की ती परागपुंज घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते.

फोटो टाकण्याआधी

बल्बोसा भारतात बऱ्याच ठिकाणी आढळते. मात्र लॉवी, हुबेरी यांसारख्या प्रजाती सह्याद्रीतल्या मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. खरपुडीचे कंद खाण्यासाठी उकरले जातात आणि कंद गेला की ते झाड कायमचं जातं. म्हणून फूल बाजूने, पानांची जोडी आणि पूर्ण वेल असे तीन फोटो काढा. ओळख पटवायला तेवढे पुरतात. आणि पोस्ट करताना नेमकं लोकेशन देऊ नका, फक्त जिल्हा लिहा.