म्लोलोंगो : वजनकाट्याजवळचा निळा दवाखाना

नैरोबीची हद्द संपून माचाकोस काउंटीची सुरू होते न होते तोच, विमानतळाच्या पलीकडे, मोंबासा रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुळीने करडे झालेले एक गाव पसरलेले दिसते. त्याचे नाव म्लोलोंगो. प्रेक्षणीय म्हणावे असे येथे काहीही नाही. किल्ला, राजवाडा, पवित्र तळे यांपैकी कशाचाही वारसा न लाभलेले हे गाव वजनकाट्याच्या आश्रयाने वाढले. पूर्व आफ्रिकेच्या कायद्याप्रमाणे सात आसांच्या मालट्रकला मालासकट छप्पन्न टनांहून अधिक वजन घेऊन रस्त्यावर चालण्याची मुभा नाही. तेव्हा काट्यावर चढण्याची पाळी येईपर्यंत थांबणे आले, थांबणाऱ्याला चहा, जेवण, पंक्चर काढणारा, खाट आणि सोबत लागणे आले, आणि या गरजांच्या पोटी आधी टपऱ्या, मग खोल्या, मग चारमजली लॉजे उभी राहिली.

इतिहास वाचकांना ठाऊकच आहे, म्हणून तो घाईनेच उरकतो. 1896 साली मोंबासाहून रेल्वेचे काम निघाले, हिंदुस्थानातून हजारो मजूर आणले गेले, त्सावोच्या नरभक्षक सिंहांनी 1898 मध्ये त्यांतले कित्येक उचलले, 1899 मध्ये रूळ नैरोबीला आणि 1901 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. पुढे रेल्वेचे महत्त्व रस्त्याने घेतले. मोंबासा बंदरात उतरलेला माल याच रस्त्याने युगांडा, रवांडा आणि काँगोच्या पूर्व भागापर्यंत जातो, आणि हे शेकडो कोस तुडवणारा चालक आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतो.

याच रहदारीच्या मार्गाने एड्स पसरला. नैरोबीचे संशोधक जॉब ब्वायो आणि त्यांचे सहकारी यांनी नैरोबीजवळच्या रस्त्याकाठच्या एका संशोधन-दवाखान्यात 970 चालक व मदतनीस तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे 27 टक्के लोकांच्या रक्तात एचआयव्ही आढळला. ते निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. केनियाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी एड्स ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे जाहीर केले ते त्यानंतर पाच वर्षांनी, 1999 मध्ये. दरम्यान आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील दुष्काळग्रस्त देशांत धान्य पोचवणाऱ्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना एक विलक्षण अडचण जाणवू लागली होती: धान्य आहे, गाड्या आहेत, पण चालक आजारी पडताहेत आणि मरताहेत. त्यातूनच मालावी आणि मोझांबिक यांच्या सरहद्दीवरील म्वांझा येथे 2005 साली, जहाजावरून माल आणणाऱ्या लोखंडी कंटेनरमध्ये, पहिला रस्त्याकाठचा दवाखाना थाटण्यात आला. आणि पुढच्याच वर्षी अन्न कार्यक्रम व टीएनटी ही वाहतूक कंपनी यांच्या पुढाकाराने नॉर्थ स्टार अलायन्स ही संस्था निघाली. उंच कॅबिनमध्ये बसलेल्या चालकाला दुरूनच ओळखता यावे अशा निळ्या रंगाच्या तिच्या पेट्या आफ्रिकेच्या अनेक नाक्यांवर आणि सरहद्दींवर बसल्या. म्लोलोंगो हे त्यांतलेच एक ठिकाण.

गावात मला सर्वांत अधिक रमवले ते एका लोहारकाम करणाऱ्या वृद्धाने. केनियात उन्हातान्हात, उघड्यावर बसून पत्रा, लोखंड आणि लाकूड घडवणाऱ्या कारागिरांच्या व्यवसायाला ‘जुआ काली’ म्हणतात आणि कारागिराला ‘फुंडी’. हा फुंडी जुन्या कंटेनरांतून दुकाने, केशकर्तनालये, पैसे पाठवण्याच्या टपऱ्या आणि क्वचित दवाखाना कापून देतो. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच अशी ती पेटी त्याच्या आवारात चार सिमेंटी ठोकळ्यांवर टेकलेली होती. त्याने प्रथम खडूने खिडकीची चौकट आखली, आतल्या बाजूने चौकोनी नळीची दुसरी चौकट झाळून घेतली, आणि मगच ग्राइंडर हाती धरून पत्र्याला हात घातला. हा उलटा क्रम कशासाठी, असे विचारता तो म्हणाला, “पत्रा कापणे कोणालाही येते, कापल्यावर पेटीला उभी ठेवणे शिकावे लागते.” कंटेनरचा नागमोडी पत्रा नुसते आवरण नसून तोच भार पेलतो, त्याला आधाराविना भोक पाडले तर छत वाकते, दार अडकू लागते, आणि पहिल्याच पावसात पाणी आत येते.

परंतु दवाखान्याची पेटी, त्याच्या मते, दुकानाच्या पेटीहून अवघड. उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून वर हातभर अंतर ठेवून दुसरे छप्पर घालावे लागते, म्हणजे मधून वारा खेळतो. आत दोन खोल्या लागतात, एक तपासणीची आणि एक सल्लामसलतीची. आणि मधल्या भिंतीतून शब्द गळता कामा नये. त्यासाठी तो शिकाऊ पोराला एका खोलीत बसवून हळू आवाजात आपल्या आईचे नाव घ्यायला सांगतो, स्वतः दुसऱ्या खोलीत कान लावतो, आणि नाव ऐकू येईनासे होईपर्यंत प्लायवुडवर प्लायवुड चढवीत राहतो. “माणूस आपला आजार डॉक्टरला सांगतो, बाहेरच्या बाकाला नाही,” एवढेच त्याचे त्यावर भाष्य. आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांत गोपनीयतेवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडतात. ती गोपनीयता या गृहस्थाने हातोडीने आणि कानाने साधली आहे.

पेटी बसली म्हणजे दवाखाना झाला, असा समज मात्र येथे कोणाचाच नाही. रस्त्यालगत, जेथे गाडी उभी करता येईल अशीच, जागा हवी; आणि ही जमीन म्लोलोंगोत सोन्याच्या भावाची. पाण्याची जोडणी हवी, रात्रीची राखण हवी, आणि सर्वांहून कठीण म्हणजे लोकांचा विश्वास हवा. चहाचे हॉटेल चालवणाऱ्या एका मामाने (गावात पोक्त बाईला सगळे मामाच म्हणतात) सांगितले की असा दवाखाना येणार म्हटल्यावर लॉजवाल्यांची पहिली तक्रार ही, की ‘आजाराची’ पाटी लागली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. ती समजूत बैठकांवर बैठका घेऊन काढावी लागते. चालकांचे पुढारी, मशिदीचे आणि चर्चचे लोक, बोडाबोडावाले (मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे) आणि देहविक्रय करून पोट भरणाऱ्या स्त्रिया अशा, एरव्ही एका चटईवर न बसणाऱ्या, मंडळींना एकत्र बसवावे लागते. या स्त्रियांचा वाटा तर मुलखावेगळाच आहे. त्यांतल्याच काहींना शिकवून तयार केले जाते, आणि डॉक्टरचे न ऐकणारा चालक त्यांच्या सांगण्यावरून तपासणीला येतो. येणाऱ्याची नोंद संगणकावर राहते, त्यामुळे एका नाक्यावर सुरू झालेला उपचार पुढच्या नाक्यावरील तशाच पेटीत पुढे चालवता येतो.

सरकारी दवाखाने नाहीत असे नव्हे. काट्याजवळ उभ्या असलेल्या एका चालकाने हिशेब मांडला: सरकारी दवाखाना सकाळी आठला उघडतो आणि पाचला बंद होतो, चालक पाचनंतर गावात शिरतो, शिवाय मालाची राखण सोडून दोन कोस चालत जावे, तर परतेपर्यंत ताडपत्री फाटलेली. संध्याकाळी उघडा राहणारा, गाडी दिसेल इतक्या अंतरावरचा दवाखाना ही त्याच्या दृष्टीने चैन मुळीच नाही.

लोकांनी मिळून उभारण्याची ही रीत केनियाला नवी नाही. देशाचे पहिले नेते जोमो केन्याटा यांनी 1963 साली ‘हरांबे’ची हाक दिली, आणि पुढल्या वीस वर्षांत गावोगावी वर्गणी, श्रमदान आणि शेळ्या-बकऱ्या विकून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. त्या पुण्याईला एक काळी बाजूही आहे: गावाने भिंती बांधल्या, पण परिचारिका आणि औषधे पाठवणे सरकारचे काम होते, आणि ती वेळेवर न आल्याने कित्येक इमारती कुलूप लावून पडून राहिल्या. नंतर तर हरांबे हे पुढाऱ्यांच्या उदारपणाच्या प्रदर्शनाचे साधन झाले. अखेर 2024 च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष रूटो यांना सरकारी पदाधिकाऱ्यांनी अशा समारंभांत देणग्या देऊ नयेत असा हुकूम काढावा लागला.

आपल्याकडच्या वाचकाला या पेटीत एक ओळखीची गोष्ट सापडेल. फडताळातील एचआयव्हीच्या औषधांच्या डब्यांवर बहुधा भारतीय कारखान्यांची नावे असतात. मुंबईच्या सिप्लाचे यूसुफ हमीद यांनी 2001 साली तीन औषधांचा वर्षाचा कोटा 350 डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने, देऊ केला. त्याआधी हाच खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेतील लाखो लोक आज जगत आहेत, त्यात त्या प्रस्तावाचा हात आहे.

गाव आता बदलत आहे. जवळच, स्योकिमाऊ येथे, 2017 साली सुरू झालेल्या नव्या प्रमाणमापी (स्टँडर्ड गेज) रेल्वेचे नैरोबी स्थानक आहे. आणि 2022 मध्ये म्लोलोंगोहूनच नैरोबीच्या वेस्टलँड्सपर्यंतचा सत्तावीस किलोमीटरचा, अंशतः उन्नत, महामार्ग सुरू झाला. त्यावरून पथकर भरून जाणाऱ्या मोटारी गावात न थांबता निघून जातात. गावात मात्र उघडी गटारे, तुंबलेले पाणी आणि चार महिन्यांपूर्वी खणून ठेवलेला रस्ता तसाच आहे. महामार्गावर इतका पैसा ओतणाऱ्यांना गावातल्या गटारावर झाकण घालण्याची तसदी घ्यावीशी वाटू नये, याचे नवल वाटते.

नवल एवढ्यावरच थांबत नाही. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदतीचा ओघ अचानक रोखला, तेव्हा केनियातील एचआयव्हीविषयक कार्याला मोठा धक्का बसला. परकीयांच्या मर्जीवर चालणारी आरोग्यव्यवस्था त्यांच्या मर्जीसरशी थांबते, हा धडा तरी त्यातून घ्यावा. 2013 पासून केनियात दवाखाने चालवण्याची जबाबदारी काउंट्यांकडे आली आहे, आणि 2010 च्या राज्यघटनेने आरोग्याचा हक्क लिहून ठेवला आहे. म्लोलोंगोसारख्या गावाने आपल्या हातची कामे, म्हणजे जागा, पाणी, राखण आणि विश्वास, उचलायची असतात. परिचारिकेचा पगार वर्गणीतून निघत नाही; तो काउंटीच्या अंदाजपत्रकातून निघाला पाहिजे, आणि तेवढी एक रक्कम मंजूर करण्यासाठी माचाकोसच्या सभागृहाने परदेशी दात्याची वाट पाहू नये.