आजारानंतरचा वेग: कामावर परतणे आणि इतरांसाठी सायकल चालवणे

गंभीर आजारातून उठलेल्या माणसाला आप्तेष्ट आणि सहकारी सर्वप्रथम एकच प्रश्न विचारतात, ‘कामावर कधी रुजू होणार?’ प्रश्न आपुलकीचा असतो. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले असते. आजार म्हणजे मधला खंड, तो संपला की माणूस जिथे थांबला होता तिथून पुन्हा चालू लागतो, असे आपण मानून चालतो. कर्करोगासारख्या आजारात तसे क्वचितच घडते. शेवटचा उपचार आणि अंगात शक्ती परतणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते. काहींचा आजार तर संपतच नाही, फक्त आटोक्यात ठेवला जातो. अशा माणसाने काम करावे का, व्यायाम करावा का, आणि करायचा तर किती, हे प्रश्न ‘पूर्ववत होणे’ या एका शब्दाने सुटत नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते स्कॉटलंडच्या एका सायकलपटूने.

चौथ्या टप्प्यातील सायकलपटू

सर क्रिस हॉय हे ट्रॅक सायकलिंगमधील मोठे नाव. अथेन्स, बीजिंग आणि लंडन या तीन ऑलिंपिक स्पर्धांत मिळून त्यांनी 6 सुवर्णपदके जिंकली. सिडनीतील एक रौप्यपदकही त्यांच्या नावावर आहे. 2023 साली खांदा दुखतो म्हणून ते तपासणीस गेले. स्नायू दुखावला असेल अशी समजूत होती. तपासणीत गाठ आढळली. पुढील तपासण्यांतून निदान झाले ते प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे. तो हाडांपर्यंत पोहोचला होता, म्हणजेच आजार चौथ्या टप्प्यात होता. त्यांचे वय तेव्हा अवघे 47 वर्षांचे होते. वडील आणि आजोबा या दोघांनाही हाच आजार झाला होता.

हा कर्करोग पूर्णपणे बरा होणारा नाही, हे हॉय यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले. त्याआधीच रसायनोपचार घेऊन ते पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी बीबीसीवर सायकलिंगचे विश्लेषण करण्यासाठी उपस्थित होते. आजार कायम होता, तरी काम सुरू होते. फक्त कामाचे स्वरूप बदलले होते. एकेकाळी धावपट्टीवर घाम गाळणारा माणूस आता ध्वनिक्षेपकासमोर बसून खेळ समजावून सांगत होता.

त्यानंतर 7 सप्टेंबर 2025 रोजी ग्लासगो येथे त्यांच्या पुढाकाराने ‘टूर डी फोर’ ही सायकलफेरी झाली. नावातील ‘फोर’ म्हणजे आजाराचा चौथा टप्पा. त्यांचेच नाव दिलेल्या वेलोड्रोमला केंद्र मानून आखलेल्या निरनिराळ्या पल्ल्यांच्या मार्गांवर हजारो लोक उतरले आणि कर्करोगाशी संबंधित संस्थांसाठी 10 लाख पौंडांहून अधिक निधी जमला. चौथ्या टप्प्याचे निदान झालेली माणसेही सक्रिय आयुष्य जगू शकतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा या फेरीचा मुख्य हेतू होता. निधी ही त्याची दुसरी बाजू.

विश्रांतीने न जाणारा थकवा

आजाऱ्याने पडून राहावे, ही आपल्याकडील जुनी शिकवण. ताप किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांपुरती ती योग्यच आहे. परंतु कर्करोग आणि त्यावरील उपचारांमुळे येणारा थकवा वेगळ्या जातीचा असतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. जिना चढणे, आंघोळ करणे, एखादे पत्र वाचून त्याचे उत्तर लिहिणे, यांपैकी काहीही एकाएकी अशक्य वाटू शकते. दीर्घकाळ पडून राहिल्यास स्नायू झिजतात, हृदय आणि फुप्फुसांची क्षमता घटते आणि पुढच्या वेळी तेच काम अधिक थकवते. प्रोस्टेटच्या आजारात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण खाली आणणारे उपचार दिले जातात. त्यांच्यामुळे स्नायू आणखी कमी होतात व हाडे विरळ होऊ लागतात.

म्हणून गेल्या काही वर्षांत वैद्यकीय सल्ला बदलला आहे. क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून किमान 3 दिवस, प्रत्येक वेळी सुमारे 30 मिनिटे, मध्यम तीव्रतेचा व्यायाम 8 ते 12 आठवडे केल्यास थकवा, चिंता आणि नैराश्य कमी होण्यास मदत होते. मध्यम तीव्रता म्हणजे श्वास वाढतो, पण बोलता येते, इतपत श्रम. सपाट रस्त्यावर सावकाश चालवलेली सायकल या व्याख्येत नेमकी बसते.

याहून भक्कम पुरावा 2025 मध्ये पुढे आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार झालेल्या 889 रुग्णांच्या एका दीर्घ चाचणीत निम्म्यांना 3 वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम देण्यात आला, तर उरलेल्यांना केवळ माहितीपत्रके दिली गेली. 8 वर्षांनंतर व्यायाम गटातील जिवंत असलेल्यांचे प्रमाण 90.3 टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते 83.2 टक्के होते. हा निष्कर्ष एका विशिष्ट कर्करोगापुरता आहे, तो सरसकट सर्वांना लावता येणार नाही. तरीही, व्यायाम ही केवळ मन रमवण्याची बाब नसून उपचारांना जोड देणारी गोष्ट ठरू शकते, हे त्याने दाखवून दिले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कर्करोग हाडांत पसरला असेल, रक्तातील प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार खाली गेले असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा औषधांमुळे हातापायांना बधिरता येऊन तोल जात असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय रस्त्यावर सायकल काढणे धोक्याचे आहे. अशा वेळी एका जागी स्थिर असलेली व्यायामाची सायकल अधिक सुरक्षित. हॉय यांचा वेग पाहून कोणी स्वतःचा वेग ठरवू नये. त्यांच्या शरीरामागे कित्येक वर्षांची तयारी आहे.

विजयकथेची दुसरी बाजू

कर्करोग आणि सायकल हे शब्द एकत्र आले की अनेकांना लान्स आर्मस्ट्राँग आठवतो. ऑक्टोबर 1996 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी, त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरला होता. तो बरा झाला, 1997 मध्ये त्याने कर्करुग्णांसाठी संस्था काढली आणि 1999 ते 2005 या काळात सलग 7 वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. पुढे उत्तेजक द्रव्यांचे सेवन सिद्ध झाल्याने 2012 मध्ये ही सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली.

उत्तेजकांचे प्रकरण सर्वज्ञात आहे. त्याच्या पुनरागमनाचा आरंभ मात्र फारसा कोणी सांगत नाही. मार्च 1998 मध्ये पॅरिस-नीस शर्यत अर्ध्यावर सोडून तो अमेरिकेत घरी परतला होता आणि खेळ कायमचा सोडण्याच्या विचारात होता. पुनरागमनाचा पहिला प्रयत्न फसणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. ‘आजाराला हरवून पूर्वीपेक्षाही बलवान झालेला वीर’ या कथेत ही पायरी गाळली जाते आणि सामान्य रुग्ण स्वतःलाच दोष देऊ लागतो.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण युवराजसिंगचे. त्याच्या छातीतील गाठीवर 2012 मध्ये अमेरिकेत, इंडियानापोलिस येथे उपचार झाले. आर्मस्ट्राँगवरील उपचारही त्याच शहरात झाले होते. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध तो भारतीय संघात परतला आणि 34 धावा केल्या. भारत तो सामना एका धावेने हरला. पण मैदानावर परतणे हेच त्या दिवसाचे महत्त्व होते. त्याने स्थापन केलेल्या ‘यूवीकॅन’ या संस्थेचा गोव्याशी थेट संबंध आहे. राज्यातील महिलांच्या स्तनांच्या तपासणीसाठी राबवलेल्या ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या उपक्रमात ती गोवा सरकारची सहयोगी राहिली आहे.

कार्यालयाच्या दारात

खेळाडूला संघ, वैद्य आणि प्रशिक्षक असतात. काणकोण किंवा पेडण्याहून रोज बस बदलत पणजी गाठणाऱ्या कारकुनाला यातले काही नसते. त्याच्यासाठी कामापूर्वीचा प्रवास हेच पहिले श्रम असतात.

ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्यानुसार कर्करोगाचे निदान झाल्याच्या दिवसापासून त्या व्यक्तीस दिव्यांगांचे संरक्षण मिळते. मालकाने कामाच्या वेळा आणि स्वरूप यांत वाजवी बदल करणे तिथे बंधनकारक आहे. ‘काम करण्यास पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोहोंच्या मधली अवस्थाही तेथील डॉक्टर प्रमाणपत्रात नोंदवू शकतात. ‘टप्प्याटप्प्याने रुजू व्हावे’, ‘कामाचे तास बदलावेत’ असे पर्याय त्यात असतात.

आपल्याकडे चित्र विखुरलेले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत, कर्करोग मात्र स्वतंत्रपणे नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही; त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. कर्करोगामुळे एखादा अवयव गमवावा लागून कायद्याने मान्य असलेले दिव्यांगत्व आले, तर हे संरक्षण लागू होऊ शकते.

खासगी क्षेत्रात, मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असलेल्या विमाधारक कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार आहे. साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. कर्करोगासह 34 दीर्घ आजारांत सेवाकाळ व वर्गणीच्या अटी पूर्ण करणाऱ्यांना 80 टक्के दराने 2 वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. ही तरतूद असलेल्यांपैकी कित्येकांना ती ठाऊकच नसते आणि ते बिनपगारी रजा घेऊन बसतात. मासळी विकणारी स्त्री, टॅक्सीचालक किंवा हंगामी शॅकवर राबणारा कामगार यांच्यासाठी मात्र अशी कोणतीही रजा नाही. त्यांच्यापैकी अनेक जण शक्ती यायच्या आधीच कामावर परततात, कारण चूल थांबत नाही.

नियम नसले तरी कार्यालयाला काही गोष्टी सहज करता येतात. आरंभी अर्धा दिवस किंवा आठवड्यातून तीन दिवस काम द्यावे आणि दर पंधरवड्याने आढावा घ्यावा. पहिला दिवस सोमवारऐवजी बुधवार ठेवला तर पहिला आठवडा आपोआप आखूड होतो. अवघड काम सकाळी, जेव्हा डोके ताजे असते तेव्हा द्यावे. रसायनोपचारानंतर काही काळ विस्मरण होते आणि एकाग्रता ढळते. त्यास आळस समजू नये. तपासणीच्या तारखा आधीच नोंदवून ठेवाव्यात. ठरलेले सारे लेखी असावे, म्हणजे अधिकारी बदलला तरी पुन्हा विनवण्या कराव्या लागत नाहीत. आणि आजाराबद्दल कोणाला किती सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा असतो, कार्यालयाचा नव्हे.

इतरांसाठी मारलेले पायडल

निधीसाठी सायकलफेरी ही कल्पना अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. 1980 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात 36 सायकलस्वारांनी सुरू केलेल्या ‘पॅन-मॅस चॅलेंज’ने पहिल्या वर्षी सुमारे 10,200 डॉलर जमवले. आजवरचा तिचा एकूण निधी 100 कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे आणि तो बोस्टनमधील डाना-फार्बर या कर्करोग संस्थेस जातो. पद्धत साधी आहे. प्रत्येक स्वार ठरावीक किमान रक्कम जमवण्याची हमी देतो आणि नातेवाईक, मित्र व सहकाऱ्यांकडून देणग्या मिळवतो. उपचार घेत असलेले आणि बरे झालेले स्वारही तीत सहभागी होतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र ओळख ठेवली जाते.

यातून रुग्णाला काय मिळते? महिनोन् महिने तो केवळ घेणारा असतो. औषधे, पैसा, रजा, सहानुभूती, सारे घेण्याचेच. निधी उभारताना तो देणारा होतो. आत्मसन्मान परत मिळण्यात या बदलाचा वाटा मोठा असतो. मात्र देणगीचा आकडा किंवा अंतराचा पल्ला हेच ध्येय झाले, तर दिलेल्या शब्दाखातर माणूस दुखणे लपवून सायकल रेटतो. म्हणून आयोजकांनी अर्ध्यावर थांबण्याची मुभा, आखूड मार्ग, वाटेत वैद्यकीय पथक आणि सोबत वाहन या सोयी ठेवाव्यात. देणगीदारांनी निधी कोणत्या नोंदणीकृत संस्थेला जाणार, खर्च वजा जाता किती उरणार आणि पावती मिळणार का, हे आधी विचारावे.

गोव्यात आरंभ करायचा तर आपल्या भूगोलाचा विचार आवश्यक आहे. आल्तिनो किंवा बांबोळीचा चढ नवख्यासाठी नाही. जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडीस किंवा रायबंदरहून चोडणला गेल्यास शेतांमधून जाणारे सपाट, कमी वर्दळीचे रस्ते मिळतात. वेळ पहाटेची असावी, पाणी जवळ असावे, सोबत एक तरी माणूस असावा. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यांपेक्षा घरातील स्थिर सायकल बरी. पहिल्या आठवड्यात 10 मिनिटेही पुरेशी आहेत. दुसऱ्या दिवशीचा थकवा नेहमीपेक्षा वाढला, तर आदल्या दिवशीचे श्रम जास्त झाले असे समजावे.

हॉय यांचा आजार गेलेला नाही. तरी ते काम करतात आणि सायकल चालवतात. बरे होणे आणि पुन्हा उभे राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या उदाहरणातून दिसते. पहिली गोष्ट वैद्यांच्या आणि नशिबाच्या हाती असते. दुसरी बऱ्याच अंशी घरच्यांच्या, सहकाऱ्यांच्या आणि मालकांच्या हाती. तेव्हा आजारातून उठलेल्या सहकाऱ्याला ‘कधी रुजू होणार?’ असे विचारण्याऐवजी ‘किती वेळ काम झेपेल आणि त्यासाठी आम्ही काय बदलू?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.