बयाणा देण्यापूर्वी नोंदणी विचारा

बारावीचे निकाल जवळ आले की पेढीवर येणारे कारागीर आणि दुकानदार मालाचा भाव बाजूला ठेवून मुलामुलींच्या वैद्यकीय शिक्षणाची चौकशी करू लागतात. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे आम्ही येथे एकत्र देत आहोत.

सायन्स घेतले म्हणजे डॉक्टरच व्हावे लागते का? मुळीच नाही. महाराष्ट्रातील आरोग्य शिक्षणासाठी १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे सर्व त्याच्या कक्षेत येते. एमबीबीएस आणि युनानीची बीयूएमएस या दोन्हींना साडेचार वर्षे व त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप लागते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून ते मुलांनाही खुले आहे. फार्मसी मात्र या विद्यापीठात येत नाही. बी.फार्म. चार वर्षांचे, डी.फार्म. दोन वर्षांचे. ज्या घरात औषधांचे दुकान काढण्याचा विचार आहे, तेथे डी.फार्म.चाही हिशेब करून पाहावा.

प्रवेश परीक्षा कोणती? एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथी यांना ‘नीट’ सक्तीची आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचा प्रवेशही नीटवरच होतो. बी.एस्सी. नर्सिंग आणि बी.फार्म. यांच्यासाठी राज्याच्या वेगवेगळ्या सीईटी आहेत. नीटचे गुण ७२०, त्यांपैकी निम्मे जीवशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, म्हणून अंदाजाने खुणा करू नयेत.

उर्दू माध्यमाच्या मुलांचे काय? आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे ही धास्ती आम्हाला ठाऊक आहे. २०१८ पासून नीटचा पेपर उर्दूतही मिळतो. फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते. परंतु एमबीबीएसची पुस्तके इंग्रजीत असतात. शास्त्रीय शब्द आठवी-नववीपासून दोन्ही भाषांत पाठ करून घ्यावेत. युनानीला उर्दू जाणणाऱ्याचा फायदा होतो, पण म्हणून नीट चुकत नाही.

फी किती? खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेला आकडा पाहावा, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी आणि वसतिगृह, खानावळ धरून सगळ्या वर्षांची बेरीज आधीच मांडावी. मोमीन, अत्तार, बागवान, तांबोळी अशा ओबीसी यादीतील जमातींनी जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. प्रवेशाच्या दिवसांत ही कागदपत्रे धावपळ करून मिळत नाहीत.

परदेशी एमबीबीएस स्वस्त पडते का? जाण्यापूर्वी नीट उत्तीर्ण असावे लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्यावर तेथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप. परतल्यावर येथे पात्रता परीक्षा आणि पुन्हा बारा महिन्यांची इंटर्नशिप. दलाल फक्त तिकडची फी सांगतो; परतल्यानंतरची वर्षे त्याच्या हिशेबात नसतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. कापड घेताना आपण छापावर भुलत नाही, सूत पाहतो. येथे सूत म्हणजे नोंदणी. एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. युनानी-आयुर्वेदासाठी, नर्सिंगसाठी आणि फार्मसीसाठी वेगळ्या परिषदा आहेत. परिषदेने नाव चढवले नाही तर भिंतीवरचे सर्टिफिकेट नुसता कागद ठरतो. गल्लोगल्ली ‘पॅरामेडिकल’च्या पाट्या लागतात. अशा ठिकाणी दोन माग विकून फी भरली आणि शेवटी नोंदणीच झाली नाही, तर पैसा तर जातोच. मुलाची उमेदीची वर्षेही जातात.

म्हणून कॉलेजच्या कचेरीत तीन गोष्टी विचाराव्यात : हा कोर्स कोणत्या विद्यापीठाचा अथवा मंडळाचा, यंदाच्या वर्षाला मान्यता आहे काय, आणि पास झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होईल. मिळालेले उत्तर त्या विद्यापीठाकडे आणि परिषदेकडे स्वतः पडताळून पाहावे. तोपर्यंत बयाणा देऊ नये.