औंधच्या चढावर बंद पडलेली गाडी

सातारा जिल्ह्यातील औंध गावी गेलात, तर यमाईच्या डोंगराकडे तुमचे लक्ष आपोआप जाईल. माथ्यावर देवीचे देऊळ आहे. त्याच डोंगरावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. समजा, वैशाखातल्या एका दुपारी तुम्ही काकांच्या जुन्या फोक्सवॅगन मोटारीतून हा चढ चढत आहात. निम्म्या चढावर गाडीने दोन-चार आचके दिले आणि ती बंद पडली. काकांनी सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण सुरू होईना.

एवढ्यात वाटेने जाणारे एक गृहस्थ म्हणाले, "पेट्रोल तापलंय. पंपावर ओलं फडकं टाका." फडके टाकले. वीस मिनिटांनी गाडी खरोखरच सुरू झाली! गृहस्थ म्हणाले, "बघा, मी सांगितलं नव्हतं?"

आता तुम्हीच सांगा, ओल्या फडक्यामुळे गाडी सुरू झाली हे सिद्ध झाले का? घाईने उत्तर देऊ नका. या एका प्रश्नात यंत्रातील दोष शोधण्याचे सारे शास्त्र दडलेले आहे.

पाठीशी इंजिन असलेली गाडी

प्रथम या गाडीची ओळख करून घेऊ. फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याने १९३० च्या दशकात हिचा आराखडा केला. भुंग्यासारख्या आकारामुळे लोक तिला 'बीटल' म्हणू लागले. २००३ साली मेक्सिकोत या जातीची शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. आपल्याकडे ही गाडी विरळाच. परंतु जिचे इंजिन उघडून सारे भाग डोळ्यांनी पाहता येतात, अशी ती असल्याने शिकण्यास फार सोयीची आहे.

हिचे इंजिन मागे असते आणि पेट्रोलची टाकी पुढे. त्यामुळे पेट्रोल गाडीच्या पोटाखालून नळीने मागे ओढून आणावे लागते. हे काम इंजिनावरच बसवलेला एक लहान पंप करतो. या गाडीत रेडिएटर नाही, पाणी नाही. एक मोठा पंखा हवेचा झोत सोडून इंजिन थंड ठेवतो. आपल्या परिचयाच्या जुन्या फियाट, ॲम्बॅसडर किंवा जीपचे इंजिन पुढे असते आणि ते पाण्याने थंड होते. बाकी पेट्रोलवर चालणाऱ्या या सर्व जुन्या गाड्यांची तत्त्वे एकच आहेत.

इंजिनाला काय हवे?

पेट्रोलचे इंजिन चालण्यास चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा-पेट्रोलचे मिश्रण, ते सिलिंडरमध्ये नीट दाबले जाणे, ठिणगी आणि ती ठिणगी नेमक्या क्षणी पडणे. इंजिन फिरत असूनही सुरू होत नसेल, तर यांपैकी काहीतरी चुकते आहे.

यातील ठिणगीची गोष्ट मोठी गमतीची आहे. बॅटरी फक्त १२ व्होल्टची. पण प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या-पाऊण मिलिमीटर फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते आणायचे कोठून? बॅटरीचा प्रवाह एका कॉइलमधून सोडतात. तेथे चुंबकीय क्षेत्र तयार होते. मग 'पॉइंट' नावाचे दोन लहान संपर्क एकमेकांपासून झटकन दूर होतात आणि प्रवाह तुटतो. चुंबकीय क्षेत्र एकाएकी नाहीसे होते आणि कॉइलच्या दुसऱ्या, अनेक वेढ्यांच्या गुंडाळीत मोठा विद्युतदाब उत्पन्न होतो. फॅरेडेचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम तुम्ही पुस्तकात वाचला असेल. येथे तो रस्त्यावर काम करतो आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यास दोन याप्रमाणे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. म्हणजे ते पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. ते झिजतात, काळे पडतात, यात नवल ते काय?

एक लक्षण, दोन संशयित

आता पुन्हा औंधच्या चढावर येऊ. ते गृहस्थ म्हणाले त्यात तथ्य होते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे आणि त्यातील हलके घटक थोड्या उष्णतेनेही उकळू लागतात. शिवाय पंप पेट्रोल ओढत असताना नळीतील दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. म्हणूनच महाबळेश्वरला पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळते. अशा रीतीने नळीत व पंपात पेट्रोलची वाफ साचते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे जात नाही. यास 'व्हेपर लॉक' म्हणतात. पंपावर ओले फडके टाकले की पाण्याचे बाष्पीभवन होते, पंप निवतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू लागते.

परंतु दुसराही एक संशयित आहे. कॉइल जुनी झाली की गरम झाल्यावर तिच्या आतील तार किंवा वेष्टण दगा देते आणि ठिणगी पडेनाशी होते. निवल्यावर ती पुन्हा बिनबोभाट काम करते. म्हणजे चढावर आचके देऊन बंद पडणे आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू होणे, ही दोन्ही दोषांची लक्षणे सारखीच!

त्या वीस मिनिटांत पंप निवला, तशी कॉइलही निवली. मग श्रेय फडक्याला द्यायचे की नुसत्या थांबण्याला? गाडी सुरू झाली एवढ्यावरून ते सांगता येणार नाही. उद्या काका भर रात्री एखाद्या घाटात अडकले, तर आजच्या घाईच्या निष्कर्षाची किंमत तेथे मोजावी लागेल.

मग काय करावे? दोन संशयितांना वेगळे करील अशी परीक्षा घ्यावी, आणि ती दोष हजर असतानाच घ्यावी. गाडी बंद पडताच, ती निवण्यापूर्वी, जाणकार मेस्त्री प्रथम ठिणगी तपासतो. ठिणगी निळी आणि जोरकस असेल, तर कॉइल निर्दोष. मग पेट्रोलकडे वळायचे. ठिणगीच नसेल, तर पंपावर घागरभर पाणी ओतले तरी त्याचा दोषाशी संबंध नाही. (ही परीक्षा तुम्ही स्वतः करू नका. कॉइलचा झटका जबर असतो आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. सांडलेले पेट्रोल नाही ना, हे पाहूनच मेस्त्री हे काम करतो.)

ठिणगी नाही असे ठरले, तर पुढे काय? बॅटरी, किल्ली, कॉइल, पॉइंट, वाटप करणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे झाकण, त्यातील रोटर, तारा आणि प्लग अशी आठ कड्यांची साखळी समोर आहे. एकेक कडी तपासत बसलो, तर कदाचित आठ परीक्षा कराव्या लागतील. त्याऐवजी मध्यावर तपासा. कॉइलच्या पॉइंटकडील टोकापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक लहान १२ व्होल्टचा दिवा जोडून इंजिन फिरवा. दिवा लुकलुकला, तर कॉइलपर्यंत प्रवाह येतो आहे आणि पॉइंट उघडमीट करीत आहेत. दोष पुढच्या भागात शोधा. सारखा जळत राहिला, तर पॉइंट मिटतच नाहीत. मुळीच लागला नाही, तर प्रवाह येत नाही किंवा पॉइंट उघडत नाहीत. दर परीक्षेत निम्मे संशयित गळले, तर आठांतील एक शोधायला तीनच परीक्षा पुरतात.

दिवे लागतात, मग सेल्फ का नाही?

आता दुसरा प्रसंग घ्या. सकाळी किल्ली फिरवली, पण सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प. काका म्हणतात, "बॅटरी चांगली आहे. हेडलाइट बघ किती लख्ख लागलेत!" हा तर्क बरोबर आहे का? त्यासाठी ओहमचा नियम आठवा.

बॅटरीच्या टोकावर पांढरट-हिरवट क्षार जमून ०.०१ ओहम जादा रोध आला आहे, असे धरा. दोन हेडलाइट मिळून ९० वॉट घेतात, म्हणजे १२ व्होल्टवर ७.५ अँपिअर. तेथे वाया जाणारा दाब ७.५ × ०.०१, म्हणजे अवघा ०.०७५ व्होल्ट. दिव्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण सेल्फला १५० अँपिअर लागत असतील, तर वाया जातात १.५ व्होल्ट! क्षार वाढून रोध ०.०३ ओहम झाला, तर दिव्यांना फारसा फरक कळणार नाही, पण सेल्फची ताकदच जाईल. म्हणून दिवे लागतात, यावरून जोडणी चांगली ठरत नाही. दिवे चालू ठेवून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांची जोडणी खराब आहे. दिवे तसेच लख्ख राहिले, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. पुष्कळदा बॅटरीची टोके घासून घट्ट केली की काम भागते आणि नव्या बॅटरीचा खर्च वाचतो.

जुन्या बीटल गाड्या तर ६ व्होल्टच्या होत्या. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या १२ व्होल्टकडे वळल्या. का बरे? तेवढीच शक्ती ६ व्होल्टवर द्यायची, तर प्रवाह दुप्पट, म्हणजे ३०० अँपिअर लागेल. त्याच ०.०१ ओहमच्या रोधात ३ व्होल्ट वाया जातील. १२ व्होल्टच्या गाडीत एक अष्टमांश दाब जात होता, येथे निम्माच गेला. नुकसान चौपट झाले!

लाल दिव्याचा इशारा

कधी कधी लक्षण विजेचे दिसते आणि दोष यंत्राचा असतो. चालकासमोरचा लाल दिवा बॅटरी आणि डायनामो यांच्या मध्ये जोडलेला असतो. डायनामो नीट फिरत असला की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा होतो, प्रवाह वाहत नाही आणि दिवा विझतो. डायनामो थांबला की दिवा लागतो. "बॅटरी चार्ज होत नाही एवढेच ना, घरी गेल्यावर बघू," असे वाटणे साहजिक आहे.

पण बीटलमध्ये इंजिन थंड ठेवणारा पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि दोघांना फिरवणारा पट्टा एकच. पट्टा तुटला, की लाल दिवा लागतो आणि त्याच क्षणी थंड हवाही बंद होते. तशीच गाडी दामटली, तर थोड्याच वेळात इंजिन जळून निकामी होईल. दिवा विजेचे बोलतो, धोका मात्र उष्णतेचा असतो. यंत्राचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे ज्याला ठाऊक आहे, तोच येथे ताबडतोब गाडी थांबवील.

आज आणि उद्या

आता पॉइंट आणि कार्ब्युरेटर मागे पडले आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. पुण्याजवळ चाकणला २००९ साली सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांत संगणक बसवलेला असतो आणि तो दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवतो. म्हणून विचार करण्याची गरज संपली का? मुळीच नाही. तो क्रमांक म्हणजे आजचा लाल दिवा. तो लक्षण सांगतो. कारण शोधायचे ते माणसानेच.

औंध संस्थानाला ही परंपरा नवी नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच संस्थानच्या राजांनी कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर घडवणारा तो कारखाना अशा माणसांनी उभा केला, जी यंत्र उघडून पाहायला भीत नसत.

तुम्हालाही आरंभ करता येईल. सेलची एक साधी बॅटरी घ्या. मित्राने तुमच्या नकळत तिच्यात एकच दोष करावा: दोन सेलमध्ये कागदाचा कपटा घालावा, बल्ब सैल करावा किंवा एक सेल उलटा टाकावा. तुम्ही कमीत कमी परीक्षांत दोष शोधा. प्रत्येक परीक्षेपूर्वी वहीत लिहा, काय अपेक्षित आहे आणि का. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्यात आणि बॅटरी लागली, तर उजेड पडेल खरा. पण तो फक्त बॅटरीत पडेल, डोक्यात नाही!