सागरी जीवलेपन : प्रक्रिया, परिणाम आणि प्रतिबंध

प्रस्तावना :
समुद्राच्या पाण्यात बुडालेला कोणताही घन पृष्ठभाग फार काळ स्वच्छ राहत नाही. जहाजाचा तळ असो, धक्क्याचा खांब असो वा वीजकेंद्राची जलवाहिनी, त्यावर सजीवांचा थर चढतोच. या प्रक्रियेस जीवलेपन अथवा ‘बायोफाउलिंग’ असे म्हणतात. पाण्यात तरंगणाऱ्या असंख्य अळ्यांना व बीजाणूंना पुढील आयुष्यासाठी कठीण आधार लागतो आणि समुद्रात असा आधार मर्यादित असतो, हे यामागील मूळ कारण होय.

लेपनाची प्रक्रिया :
पृष्ठभाग पाण्यात जाताच काही मिनिटांत त्यावर प्रथिने व शर्करायुक्त सेंद्रिय रेणूंचा अतिसूक्ष्म पापुद्रा जमतो. काही तासांत जीवाणू येतात, पाठोपाठ डायटम येतात. त्यांच्या चिकट स्रावातून बुळबुळीत जैवपटल तयार होते. पुढे शैवालांचे बीजाणू, बार्नेकल, नळीकृमी, शिंपले व कालवे स्थिरावतात. मात्र हा क्रम अटळ नसतो. बार्नेकलची अळी स्वच्छ पृष्ठभागावरही बसू शकते.

बार्नेकलच्या अळीची शेवटची ‘सायप्रिड’ ही अवस्था अन्न घेत नाही. साठवलेली ऊर्जा संपण्यापूर्वी तिला जागा निवडावी लागते. आपल्या स्पृशांनी ती पृष्ठभाग चाचपते आणि स्वजातीयांच्या प्रथिनांची खूण आढळल्यास तेथे बसण्याकडे तिचा कल असतो. प्रौढ बार्नेकलला जागा बदलता येत नाही. परफलनासाठी शेजारी जवळच असावा लागतो. म्हणूनच बार्नेकल दाटीने आढळतात.

परिणाम :
खडबडीत झालेल्या तळामुळे पाण्याचा रोध वाढतो. परिणामी जहाजाचा वेग घटतो किंवा तोच वेग राखण्यास अधिक इंधन जाळावे लागते. कल्पाक्कम येथील अणुवीजकेंद्रात समुद्राचे पाणी आणणाऱ्या बोगद्यात हिरव्या शिंपल्यांची वाढ ही समस्या ठरली. जहाजांच्या तळाला चिकटून परकीय प्रजातीही दूरवर पोहोचतात. मूळचा अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील ‘मायटिलॉप्सिस सॅली’ हा शिंपला विशाखापट्टणम व मुंबई या बंदरांत पसरला आहे.

प्रतिबंध :
अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलाने लाकडी जहाजांना तांब्याचे पत्रे बसविले. ते पत्रे गंजू नयेत म्हणून हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये त्यांना लोखंड व जस्त जोडण्याचा उपाय सुचविला. तांबे झिजणे थांबले, परंतु त्यावर जीव वाढू लागले. तांब्याचे संरक्षक सामर्थ्य त्याच्या विरघळण्यातच होते, हे यावरून स्पष्ट झाले.

विसाव्या शतकात ट्रायब्युटिलटिनयुक्त रंग अत्यंत परिणामकारक ठरले. तथापि फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांचे कवच विकृत होऊ लागले, तर काही सागरी गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची लक्षणे दिसू लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर निर्बंध घातले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २००१ मधील करार १७ सप्टेंबर २००८ रोजी अंमलात आला आणि जहाजांवरील अशा रंगांचा वापर निषिद्ध ठरला.

आज तांबेयुक्त रंगांबरोबरच सिलिकॉनचे गुळगुळीत लेप वापरले जातात. त्यांवर जीवांची पकड सैल राहते आणि जहाज वेगाने चालू लागताच ते निसटतात. परंतु बंदरात दीर्घकाळ उभ्या असलेल्या जहाजास याचा लाभ कमी मिळतो.

निष्कर्ष :
जीवलेपन रोखले नाही तर इंधनाचा अपव्यय व परकीय प्रजातींचा प्रसार होतो. विषारी उपायांनी रोखले तर निरुपद्रवी सागरी जीवांनाही त्याची झळ पोहोचते. म्हणून जीवांना मारण्यापेक्षा त्यांना चिकटू न देणारे पृष्ठभाग विकसित करणे हीच संशोधनाची अधिक योग्य दिशा ठरते.