झोपून चालवायच्या ट्राईकची साडेतीन मीटरची चेन: सांभाळायची कशी?

यूट्यूबवर सायकल टूरचे व्हिडिओ बघताना ही गाडी कधी ना कधी तुमच्या नजरेस पडली असेल. चालवणारा आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसलेला, पाय समोर लांब केलेले, पुढे दोन चाकं आणि मागे एक. हिला म्हणतात रिकम्बंट ट्राईक. इंग्लंडची आयसीई, जर्मनीची एचपी वेलोटेक्निक, अमेरिकेची कॅट्राईक अशा कंपन्या या गाड्या बनवतात. पाठ किंवा मनगटं दुखणाऱ्यांना आणि दोन चाकांवर तोल सांभाळणं अवघड जाणाऱ्यांना ही गाडी फार सोयीची पडते.

पण गाडी बघितल्यावर पहिला प्रश्न पडतो तो चेनचा. एवढी लांब चेन! ती उतरत नाही का? तिला तेल कसं घालायचं? चला, एकेक गोष्ट समजून घेऊया.

चेन एवढी लांब का?

साध्या सायकलला पेडल आणि मागचं चाक जवळजवळ असतात. ट्राईकमध्ये पेडल गाडीच्या अगदी टोकाला, पुढच्या चाकांच्याही पुढे असतं आणि गिअरची कॅसेट मागच्या चाकावर. मधलं सगळं अंतर चेनला कापावं लागतं.

हिशोब सोपा आहे. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असतं. पाकिटात मिळणाऱ्या ११६ कड्यांच्या चेनची लांबी होते सुमारे दीड मीटर. ट्राईकला मॉडेलप्रमाणे साडेतीन ते चार मीटर चेन लागते. म्हणून अडीच-तीन चेन क्विक लिंकने एकमेकींना जोडतात. चेन वेगळी नसते, नेहमीचीच असते.

याचा एक फायदाही आहे. चेन लांब असल्यामुळे प्रत्येक कडी दातांवरून कमी वेळा फिरते, त्यामुळे ती झिजतेही सावकाश. म्हणजे तीन चेनचा खर्च एकदम होतो, पण तो खूप दिवसांनी होतो. खरी काळजी घ्यायची ती चेन जिथे वळते आणि जिथे घासते त्या जागांची.

ताणाची बाजू आणि परतीची बाजू

पेडल मारल्यावर चेनची एक बाजू मागचं चाक ओढते. ही ताणाची बाजू. दुसरी बाजू नुसती पेडलकडे परत येते, ही परतीची बाजू. ट्राईकमध्ये चेन सीटखालून न्यावी लागते, म्हणून मध्ये एक छोटं चाक बसवलेलं असतं. त्याला आयडलर म्हणतात.

ताणाच्या बाजूच्या आयडलरवर तुमच्या पायांचा सगळा जोर येतो. चेन जितकी जास्त वाकवून नेली तितका त्याच्या बेअरिंगवर भार जास्त. म्हणून हा आयडलर चांगलाच हवा. अधूनमधून चेन बाजूला करून तो बोटाने फिरवून बघा. खरखर लागली, आडवा हलला किंवा दात आकड्यासारखे वाकडे दिसले, तर बदलायची वेळ आली असं समजा.

चेन पायाला, कपड्यांना किंवा फ्रेमला लागू नये म्हणून ती काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या नळीतून जाते. नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरट हवं. सरळ कापलेल्या कडेवर चेन घासते, आवाज करते आणि नळी कुरतडते. नळी सहसा एकाच टोकाला पक्की बांधतात. दुसरं टोक मोकळं राहिलं की गिअर बदलताना नळी चेनबरोबर थोडी सरकते.

उंची बदलली की चेनही बदलते

ट्राईकची सीट बहुतेक गाड्यांमध्ये जागची हलत नाही. पायांच्या लांबीप्रमाणे पेडलचा पुढचा दांडा, म्हणजे बूम, आतबाहेर करतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: बूम १ सेंटीमीटर बाहेर काढला की चेन २ सेंटीमीटर जास्त लागते, कारण चेन जाते आणि परतही येते.

चेनमध्ये एक अरुंद आणि एक रुंद कडी आळीपाळीने असते, त्यामुळे कड्या जोडीनेच काढाव्या किंवा घालाव्या लागतात. एक जोडी २.५४ सेंटीमीटरची. समजा उंच भावाची गाडी धाकट्याने घेतली आणि बूम ४ सेंटीमीटर आत ढकलला, तर ८ सेंटीमीटर चेन जास्तीची झाली. तीन जोड्या काढल्या की काम भागतं.

मग तपासा. पुढे मोठी आणि मागेही मोठी चकती लावली तर चेन अडकून ताणली जाता कामा नये. दोन्हीकडे लहान लावल्या तर चेन लोंबता कामा नये. आधी मोठ्या चकत्यांची बाजू सांभाळा. चेन तोकडी असेल तर डिरेल्युअर मोडू शकतो.

तेल कमी, पुसणं जास्त

नळीमुळे चेनला बाहेरची धूळ कमी लागते. पण चेनवर भरपूर तेल ओतलं तर तेच तेल नळीत धूळ धरून काळा चिखल करतं. म्हणून ग्रीस किंवा गाडीचं जाड इंजिन ऑईल नको.

तेल घालायची पद्धत अशी:

१. हँडलवरचा पार्किंग ब्रेक लावा. तो पुढची चाकं धरतो, मागचं मोकळं राहतं. मागचा भाग विटेवर किंवा स्टुलावर टेकवून चाक उचला.
२. एका क्विक लिंकवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. तीन क्विक लिंकमध्ये सुरुवात कुठून केली ते लगेच कळतं.
३. पेडल हाताने सावकाश फिरवत चेन कोरड्या फडक्यातून ओढा. बोटं दातांपासून लांब ठेवा.
४. प्रत्येक रोलरवर सायकल चेनच्या तेलाचा एकच थेंब. ठिपका परत आला की थांबा.
५. थोड्या वेळाने बाहेरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं, वर नको.

पावसात चालवली तर घरी आल्यावर आधी पुसा, वाळू द्या, मगच तेल.

चेन कधी बदलायची?

चेन रबरासारखी ताणली जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो आणि कड्यांमधलं अंतर वाढतं. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरून पट्टीने पिनच्या मध्यापासून मोजा. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटला ३०६.३ च्या आसपास, म्हणजे अर्धा टक्का वाढ झाली की चेन बदला. १० किंवा कमी गिअर असतील तर ३०७ पर्यंत चालतं.

अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पण ३.६ मीटरच्या चेनमध्ये तो होतो १८ मिलिमीटर! त्यामुळे जुनी चेन परतीच्या बाजूला ढिली वाटायला लागते. अशा वेळी दोन कड्या काढून वेळ मारून नेऊ नका. झिजलेली चेन कॅसेटचे दात खाते आणि कॅसेट बदलणं जास्त महागात पडतं. अर्धी चेन नवी, अर्धी जुनी असंही करू नका. सगळी एकदमच बदला.

नवी चेन नळीतून घालायची युक्ती आपल्या घरातलीच आहे. पायजम्याची नाडी बदलताना जुनीला नवी बांधून ओढतो ना, तसंच. जुन्या चेनच्या टोकाला नवी क्विक लिंकने जोडा आणि सावकाश ओढा. क्विक लिंक मात्र तुमच्या गिअरच्या संख्येलाच जुळणारी घ्या.

मोबाईलचा उपयोग

चेन उघडण्याआधी तिचा सगळा मार्ग दोन्ही बाजूंनी फोटोत टिपा. आयडलरच्या वरून की खालून, कुठली नळी कुठे, हे नंतर आठवत नाही. कुठून आवाज येतो ते कळत नसेल तर कुणाला तरी पेडल फिरवायला सांगून स्लो मोशन व्हिडिओ काढा. चेन नळीच्या तोंडाला घासतेय की आयडलरवर उड्या मारतेय, ते लगेच दिसेल.

महिन्यातून एकदा पट्टीने मोजा, आयडलर फिरवून बघा आणि नळ्यांची तोंडं तपासा. पंधरा मिनिटांचं काम आहे. एवढं केलंत तर साडेतीन मीटरची ही चेन तुम्हाला वाटेत अडकवणार नाही.